पाळण्याची चाचेगिरी

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

बाळीवेस, सोलापूर
१२ फेब्रुवारी १९७४

चि. चन्नवीर यास आज्जीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुमच्या बोटीवर शिडी लावून चाचे चढले आणि रंगाचे डबे, दोरखंड असलं काय काय घेऊन पळाले, ते वाचलं. तुझ्या आजोबांना ओरडून सांगितलं. त्यांना निम्मंच ऐकू आलं. म्हणाले, तांबोळी चाचा कशाला पळंल, सकाळीच पान देऊन गेला की. आता त्या कानांना मी काय करू? तू बिनतारीच्या खोलीत बसतोस तिथं कडी आतून लावत जा. दोरखंड नेऊ देत, सरकारचे असतील.

तुझी बायको शैलजा परवा बाळंतपणाला माहेरी अक्कलकोटला गेली. सोबत डिंकाचे लाडू दिलेत. तिच्या आईनं स्वतः केले म्हणून वाटू नयेत, एवढं तिला कानात सांगून ठेवलंय. लोकांचा भरवसा मी सोडून दिलाय. का सोडला ते आता ऐक.

तुझी धाकटी आज्जी, म्हणजे माझी धाकटी जाऊ हेमावती, अक्कलकोटात लेकाच्या कापडदुकानाच्या माडीवर राहते ते तुला ठाऊक आहेच. ती आता रेडिओवर गाणार आहे. कुणी रेडिओवाल्या बाई गावोगाव फिरून म्हाताऱ्यांची गाणी गोळा करतात म्हणे. त्यांनी हिचा पाळणा ऐकला आणि बोलावणं आलं. हिनं नवी साडीसुद्धा काढली. रेडिओत साडी दिसती का रे?

पाळणा कुठला, तर माझा. तुझा बाप पाळण्यात होता तेव्हा मी जोडलेला. मराठी तिसरी शिकलेली मी, पण ओळीला ओळ मला जात्यावर बसल्या बसल्या सुचायची. आवाज मात्र देवानं कावळ्याचा दिला. हेमावतीला आवाज कोकिळेचा आणि डोक्यात एक ओळ नाही. लग्न होऊन आली तशी तिनं तो पाळणा ऐकला, उचलला आणि प्रत्येक बारशात म्हणायला लागली. लोक म्हणायचे, हेमावतीचा पाळणा झाल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. मी तिथंच बसलेली असायची, कोशिंबीर ढवळत.

तेही गिळलं. पण पाळण्याच्या शेवटी मी माझ्या नवऱ्याचं नाव घातलं होतं. ओवीत चालतं, म्हणून इथं लिहिते:

दोरी माझ्या हाती, झोप बाळाच्या नेत्री,
वीरभद्रप्पांची राणी पाळणा गाते रात्री.

ह्या बयेनं ते काढलं आणि ‘बसलिंगप्पांची राणी’ केलं. स्वतःचा नवरा घातला! गल्लीत होतं तोवर मी दात आवळून बसले. रेडिओ म्हणजे दिल्लीपर्यंत जाणार. माझं मागणं एवढंच आहे, की रेडिओवर जायच्या आत त्या शेवटच्या ओळीत तुझ्या आजोबांचं नाव परत यावं. नाही आलं तर मेल्यावरसुद्धा तो पाळणा तिचाच.

तू शिकलेला आहेस. मला सांग, बाईमाणसाला चाचा म्हणता येतं का, आणि पकडल्यावर त्यांना शिक्षा काय करतात.

थंडी असंल तर कान झाक. माया आहेच, पत्रानं ती ओली ठेव.

तुझी आज्जी,
सावित्रम्मा


सिंगापूर
७ मार्च १९७४

ती. सौ. आज्जीच्या चरणी चन्नवीरचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन बंदरं फिरून इथं गाठ पडलं. बोटीवर सगळं ठीक. कडी लावतो.

बाईला चाचा म्हणता येतं. चीनच्या समुद्रात पूर्वी एक बाई होऊन गेली, तिच्या हुकमात शेकडो गलबतं होती. सरकारनं शेवटी हात टेकले आणि तिला माफी दिली. म्हातारपण तिनं जुगाराचा अड्डा चालवत मजेत काढलं म्हणतात. तेव्हा शिक्षेची फार आशा ठेवू नकोस.

इंग्रजीत ह्यांना पायरेट म्हणतात, आणि हा शब्द लोक कशालाही लावतात. हॉलंडच्या किनाऱ्यापासून दूर बोटी उभ्या करून काही जण परवान्याशिवाय रेडिओ चालवतात, दिवसभर गाणी लावतात. तेही पायरेट. माझ्या फळीवर बिनतारीचं जाडजूड पुस्तक आहे, ते मी ह्याच गावात पाव किमतीत घेतलं. छापणाऱ्यानं ना लिहिणाऱ्याला विचारलं, ना मूळ छापखान्याला. असल्या पुस्तकालाही पायरेटच म्हणतात. म्हणजे चाचे आले तर मदतीची हाक कशी मारायची, ते मी चाच्यांच्या पुस्तकातून शिकलोय.

जुन्या काळी विलायतेचे राजे काही दर्यावर्दींना परवाना द्यायचे, की शत्रूची जहाजं खुशाल लुटा, आम्हाला वाटा पोचवा. परवाना खिशात असेपर्यंत तो सरदार, राजाचं मन फिरलं की तोच चाचा. आमचे कप्तान अलिबागचे आहेत. इंग्रजांच्या पुस्तकात आंग्र्यांना पायरेट लिहिलंय, हे कुणी नुसतं काढलं तरी ते जेवणाच्या टेबलावरून उठून जातात. म्हणतात, आमच्या दर्यात आमच्या परवान्याशिवाय फिरले ते चाचे. मला ते पटतं. हा शब्द ज्याचं गेलं तो वापरतो, ज्याला मिळालं तो कधीच वापरत नाही.

आणखी एक. मोठे चाचे पुरं जहाजच पळवतात. मग पहिलं काम काय, तर पुढच्या टोकावरचं नाव खरवडतात आणि दुसरं रंगवतात. जहाज तेच, माल तोच, फक्त नाव नवं.

पण आज्जी, एक जहाज नेलं की मालकाच्या हाती पाणीच उरतं. पाळणा धाकट्या आज्जीनं नेला तरी तुझ्याकडं तो आहेच की. मला गोवर आला होता तेव्हा तिनं तो म्हटलेला अजून आठवतो. डोळे मिटलेले, अंगाची आग, आणि तिचा तो आवाज. मी रागावू नकोस म्हणत नाही. घाईनं काही करू नकोस, एवढं म्हणतो.

आजोबांना नमस्कार, जरा मोठ्यानं सांग. तुझा राग जगावर असो, लोभ माझ्यावर.

तुझा,
चन्नवीर


॥ श्री ॥

सोलापूर
२ एप्रिल १९७४

चि. चन्नवीर यास आशीर्वाद.

नाव खरवडून दुसरं रंगवतात! अरे, मग आणखी काय सांगायचं राहिलं? तेच केलंय तिनं. बोट माझी, शिडं माझी, आणि टोकावर बसलिंगप्पा. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तेवढी ओळ गल्लीतल्या बायकांनाही वाचून दाखवली. आता आमच्याकडं शब्द लई चालतोय. नळाला रांग मोडून घागर लावणारी ती चाची, वाळत घातलेल्या शेंगा येता-जाता तोंडात टाकणारा तो चाचा. तुझ्या आजोबांनी माझ्या ताटातली भाकरी उचलली तर त्यांनाही म्हणते. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून भांडण होत नाही. भांडणाशिवाय म्हणण्यात काय चव?

तू म्हणतोस, पाळणा माझ्याकडं आहेच की. बाबा रे, पाळण्याचं लोणचं घालू का? चार बायकांच्या तोंडावर मान मिळतो, त्यासाठी गाणं असतं. तो मान तिनं नेला. तो एकाकडंच राहतो, दोघींत भाकरीसारखा मोडता येत नाही.

आणि गोवराचं म्हणशील तर, आवाज तिचा आठवला तुला. कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या कोण ठेवत होतं ते नाही आठवलं. कडुलिंबाचा पाला कुणी आणला, तुझी ती घाण चादर कुणी उकळली? फडक्याला आवाज नसतो, हे माझंच चुकलं. पुढच्या वेळी घडी ठेवताना शीळ घालीन.

हेमावतीचा मला हेवा आहे. लपवत नाही. ती बोलली तरी बायका माना डोलावतात. मी शहाणपणाचं सांगितलं तरी म्हणतात, आज्जी खेकसल्या.

तू घाई करू नकोस लिहिलंस. तुझं पत्र यायच्या आधीच मी कार्ड टाकून मोकळी झाले होते. रेडिओवाल्या बाईंना लिहिलं, की हा पाळणा सावित्रम्मानं जोडलेला आहे, शेवटच्या ओळीत थोरल्या घरचं नाव होतं ते बदललंय, आणि बदलणारीला मी परवानगी दिलेली नाही. मूळ नावानं म्हणेल तर घ्या, नाही तर घेऊ नका. खाली सही केली, पुरती.

शैलजाला आता दिवस भरत आले. तू बोटीवरून काही करू शकत नाहीस, तेव्हा उगाच तारा ठोकत बसू नकोस.

राग आहे, पण तुझ्यापुरती माया वेगळी काढून ठेवलीय. ती घेत जा.

तुझी आज्जी,
सावित्रम्मा


॥ श्री मल्लिकार्जुन प्रसन्न ॥

अक्कलकोट
३० एप्रिल १९७४

ती. सौ. सावित्रम्माअक्कांच्या चरणी हेमावतीचा नमस्कार. वि. वि.

आधी गोड. शैलजाला बुधवारी पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मी रोज जाऊन शेक-शेगडी बघून येते. नाक तुमच्यावर गेलंय, रागही तुमच्यावरच गेलाय असं दिसतं. दूध मिळायला जरा उशीर झाला की साऱ्या वाड्याला कळतं. बारसं जूनच्या नऊ तारखेला धरलंय. चन्नूला तार गेली.

आता दुसरं. मी रेडिओवर गेले होते. बाईंनी तुमचं कार्ड वाचून दाखवलं. चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आज्जी, तुम्ही मूळ नावानं म्हणा, मग काही वादच नाही. मी बसले. समोर ते लोखंडी फूल. सगळं नीट म्हटलं. शेवटच्या ओळीला आले आणि तोंड मिटलं. बाईंनी तीनदा पुन्हा करायला लावलं, तीनदा तिथंच मिटलं. मग पाणी दिलं आणि गाडीत बसवून दिलं. लेकानं स्टॅंडवर विचारलं, झालं का? मी म्हटलं, घसा बसला.

अक्का, ते नाव मी कसं घेऊ? तुमच्या नवऱ्याचं नाव तुम्हाला ओवीत घेता येतं. मला ते थोरले दीर. थोरल्या दिराचं नाव ओवीतही घ्यायचं नाही, हे मला कुणी शिकवलं? मी लग्न होऊन आल्यावर पहिल्याच सोमवारी म्हणाले, मी वीर— बघा, लिहितानासुद्धा हात थांबला. त्या देवाच्या देवळात जाऊन येते, एवढंच म्हणाले होते. तुम्ही पळी उगारून आलात, मला चूळ भरायला लावली, आणि म्हणालात, ह्या घरात ते नाव धाकटीच्या तोंडी आलं तर थोरल्याचं आयुष्य कमी होतं. तेव्हापासून त्या देवालाही मी ‘ते मिशीवाले देव’ म्हणते. पुजारी अजून हसतात. तुम्हाला थोरला दीर नाही, म्हणून तुमचं कधी अडलं नाही, आणि माझं अडतंय हे कधी दिसलं नाही.

तुम्ही मला चाचा म्हणता असं शैलजाकडून कळलं. म्हणा. पण बारशात पाळणा दुसऱ्या कुणाला सांगा. मी येईन, जेवीन, पाळणा म्हणणार नाही.

रागात लिहिलं असलं तरी नमस्कार खरा आहे.

आपली,
हेमावती


सोलापूर
४ मे १९७४

गं. भा. हेमावतीस आशीर्वाद.

पत्र वाचलं. मुलीचं कळलं, बरं वाटलं. नाक माझ्यावर गेलं तर तिचं भाग्य. शैलजाचं तूप कमी करू नका.

थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नाही, हे खरं. पळीचंही खरं असंल. पण नाव घेता येत नाही म्हणून स्वतःचा नवरा बसवायचा, हे कुठल्या शास्त्रात आहे? देवाचं नाव घालायचं होतंस. गावभर देव आहेत. सिद्धरामेश्वर घालायचा. देवाला कुणी नाही म्हटलं नसतं, आणि मीही गप्प बसले असते.

बारशात तू म्हणणार नसशील तर कुणीच म्हणणार नाही. मी म्हटलं तर पोरगी जन्माची घाबरंल.

उन्हात फिरू नकोस.

सावित्रम्मा


अक्कलकोट
९ मे १९७४

ती. सौ. अक्कांना नमस्कार.

संपामुळं रेल्वे बंद आहे म्हणून हे एस्टीच्या कंडक्टरकडं देते.

देव घालून बघितला होता. पहिल्यांदा तेच केलं. पण ओळ ‘राणी’वर आहे ना? सिद्धरामेश्वरांची राणी पाळणा गाते म्हणू? देवळात पाय ठेवू दिला असता का मला? तुमच्या ओळीत नवराच बसतो, अक्का. तुम्ही ती तशीच केलीय.

म्हणून मग यांचं नाव घातलं. ठेक्यालाही बरोबर बसलं. लबाडी म्हणा. ते होते तोवर मकरसंक्रांतीला उखाण्यात नाव घ्यायला मिळायचं. ते गेल्यावर मला नाव घे म्हणणारं कोण उरलं? तुम्ही तुमच्यांवर दिवसभर ओरडता. ऐकू येत नाही म्हणून वैतागता. मला त्याचा हेवा वाटतो, सांगायचं नव्हतं, पण सांगते. माझ्याकडं ओरडायला कुणी नाही. बारशात त्या एका ओळीत तेवढं नाव यायचं, मग पुढचं बारसं येईपर्यंत चालायचं.

आता ते तुमचं तुम्ही परत घ्या. ओळ तुमची आहे. हे माझं शेवटचं.

हेमावती


रॉटरडॅम
२० मे १९७४

ती. सौ. आज्जीस शि. सा. न. वि. वि.

लेकीची तार बोटीवर मीच घेतली. कानाला यंत्र लावून बसलो होतो आणि टिकटिकीतून स्वतःचंच नाव यायला लागलं. दोन शब्द तर पुन्हा विचारावे लागले. कप्तानांनी साऱ्यांना शिरा करायला लावला.

शैलजानं सगळं सविस्तर लिहिलंय, दोन्ही घरची पत्रं तिच्या कानावर आली म्हणे. मी आता शब्दांचे अर्थ सांगत नाही. मागच्या वेळी नाव खरवडायचं सांगितलं ते नको होतं. तू त्याचं काय करशील ते मला कळायला हवं होतं, एवढी वर्षं तुझ्या हातचं खाल्लंय.

तुझं खरंच होतं. मान मोडून वाटता येत नाही. पण मला एक सांगायचंय. बारशाला मी नसणार. त्या दिवशी माझ्या लेकीच्या कानावर तुझे शब्द पडावेत असं मला वाटतं. ‘उगी उगी म्हणत नाही, रडून घे रे राजा, मोठेपणी रडायाला लागे बंद दरवाजा’, हे तिला कळणार नाही, तरी पडावेत. मी इथं पहिल्या महिन्यात केबिनचं दार लावून रडलो होतो आणि मला तुझीच ओळ आठवली होती. आवाज कुणाचा होता ते तेव्हा आठवलं नव्हतं.

शेवटच्या ओळीत काय असावं ते तुम्ही दोघी ठरवा. मी समुद्रावर आहे, मला त्यात ओढू नका.

तुझ्या फडक्यांच्या घड्यांचा ऋणी,
चन्नवीर


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
१२ जून १९७४

चि. चन्नवीर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

बारसं झालं. मुलीचं नाव सागरिका ठेवलं. तुझ्या बायकोची आवड. मी पाणी प्यायले.

तुझे आजोबा नवा फेटा बांधून आले होते. पुरुष बाहेरच्या सोप्यात, आम्ही आत. पाळणा छान सजवला होता, झेंडूच्या माळा जरा जास्तच. तुझ्या बहिणीनं कानात कुर्र करून नाव सांगितलं. मग सगळ्या हेमावतीकडं बघायला लागल्या. ती भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, घसा बरा नाही. कुणाला खरं वाटेना. विहीणबाई म्हणाल्या, हेमावतीआज्जींच्या पाळण्याशिवाय पानं मांडायची नाहीत. बायका माझ्याकडंच बघायला लागल्या, जसा काय तिचा घसा मी बटव्यात घालून आणलाय. मी म्हटलं, चन्नवीरचं पत्र आहे, पाळणा व्हायलाच पाहिजे म्हणून. तुझं नाव पुढं केलं. माझ्यासाठी ती उठली नसती, आणि उठ म्हणायला माझीही जीभ उचलली नसती.

ती उठली. म्हणायला लागली. काय सांगू तुला, आवाजाला म्हातारपण कसं येत नाही तिच्या? तुझी लेक टकामका बघत गप्प झाली. ‘बंद दरवाजा’ आलं तेव्हा शैलजानं डोळे पुसले. मला आतून जळायला झालं. ओळ माझी आणि रडवते ही.

मग शेवटचं कडवं आलं. ‘दोरी माझ्या हाती, झोप बाळाच्या नेत्री’ म्हणाली आणि थांबली. तोंड मिटलं. मान खाली. बायकांना वाटलं, विसरली. मला ठाऊक होतं, ती माझ्यासाठी जागा मोकळी सोडून थांबलीय.

अरे, एवढी वर्षं मी ह्याच क्षणाची वाट बघत होते. चाळीस बायका कान देऊन बसलेल्या. बाहेर तुझे आजोबा फेटा सावरत बसलेले. एक नाव उच्चारायचं आणि पाळणा माझ्या घरी. मी तोंड उघडलं ते त्यांचंच नाव घ्यायला, खोटं बोलत नाही. तोंडातून आलं ‘बसलिंगप्पांची.’

माझा दीर. मला धाकटा, म्हणून त्याचं नाव घ्यायला मला आडकाठी नाही. लग्नात मी त्याला दहा वर्षांचा बघितला, माझ्या हातची थालीपीठं खाऊन मोठा झाला. तो गेल्यावर ते नाव मीसुद्धा असं मोठ्यानं घेतलं नव्हतं.

माझ्या आवाजानं पोरगी दचकली आणि टाहो फोडला. बायका हसल्या. हेमावतीनं माझ्याकडं बघितलं नाही. तिथूनच धरून ‘राणी पाळणा गाते रात्री’ पुरं केलं, फक्त आवाज एकदा फाटला. मला वाटलं, चला, हिचाही फाटतो.

मी सगळ्यांना सांगितलं, वयामुळं तोंडून चुकून गेलं. तूही तेच सांग. जेवताना तिनं न विचारता माझ्या पोळीवर तूप ओतलं. मला एवढं तूप सोसत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. खाल्लं.

घरी आल्यावर रेडिओवाल्या बाईंना दुसरं कार्ड टाकलं, की हेमावती जशी म्हणेल तसं घ्या, माझी हरकत नाही. हात जड झाला होता. सही केली नाही, अंगठा चालेल का विचारलं तुझ्या आजोबांना. त्यांना ऐकू आलं नाही, मग सहीच केली.

लेकीचा फोटो शैलजा पाठवतेय. तिच्यावर जेवढी करशील त्यातली थोडी माया इकडं वळव.

तुझी आज्जी,
सावित्रम्मा


॥ श्री ॥

सोलापूर
२० ऑगस्ट १९७४

चि. चन्नवीर यास आशीर्वाद. वि. वि.

माझं दुसरं कार्ड पोचल्यावर बाईंनी हेमावतीला परत बोलावून पाळणा घेतला होता, तो रविवारी सकाळी रेडिओवर लागला. हेमावती आदल्या दिवशीच सागरिका आणि शैलजाला घेऊन आमच्याकडं आली. म्हणाली, अक्कलकोटात रेडिओ खरखरतो. त्यांचा रेडिओ आपल्यापेक्षा नवा आहे.

गल्लीतल्या निम्म्या बाया आमच्या सोप्यात. रेडिओ कपाटावर ठेवला. तुझ्या आजोबांना अगदी त्याच्यापुढं बसवलं. हेमावती ती नवी साडी नेसली होती. मी म्हटलं, अगं, तुला आज रेडिओ बघणार नाही, तू त्याला बघणार. ती म्हणाली, बघू दे की, अक्का.

बातम्या संपल्या. मग त्या बाई बोलायला लागल्या. म्हणाल्या, आता ऐका सोलापूर भागातला एक पारंपरिक पाळणा, गायिका हेमावती. एवढंच. मी शैलजाला विचारलं, पारंपरिक म्हणजे काय गं? ती आधी सांगेना. मग म्हणाली, म्हणजे कुणी केला ते ठाऊक नाही असा, जुना, सगळ्यांचा.

घे. म्हणजे मी आता मेलेल्यांतच जमा. हेमावतीचं तरी नाव आलं. माझं नाव नाही आणि तुझ्या आजोबांचंही नाही. पाळणा आता सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही. मी उठून आत जायला निघाले. गहू निवडायचे राहिले होते.

तेवढ्यात मागं आवाज झाला. हेमावती उभी राहिली होती. रेडिओत तीच गात होती आणि इकडं तीच रेडिओवर ओरडत होती. म्हणत होती, ओ बाई, कसला पारंपरिक? जोडणारी जिवंत बसलीय हितं! शब्द आमच्या अक्कांचे आहेत, एकूण एक ओळ आमच्या अक्कांची, मी नुसती म्हणणारी! तिनं कपाटावर हातसुद्धा आपटला, रेडिओची खरखर वाढली. पोरगी रडायला लागली. तुझ्या आजोबांनी विचारलं, भांडण लागलंय का? कारण इतकं मोठं त्यांना माझ्याशिवाय कुणाचं ऐकू आलेलं नाही.

मी तिला म्हटलं, गप्प बस, रेडिओला ऐकू येत नाही. ती म्हणाली, गल्लीला तर येतंय. आणि पुन्हा सुरू.

मला कसं वाटलं असं विचारशील. बरं वाटलं. एवढ्या बायांसमोर बरं वाटायचंच. संध्याकाळपर्यंत चौघीजणी येऊन शब्द लिहून घेऊन गेल्या, माझ्याकडून. पण एक गोष्ट तुलाच सांगते, तिला कळवू नकोस. ती तशी घसा ताणून, केस विस्कटून ओरडत होती, आणि ओरडतानासुद्धा सुरात होती रे. मेली एकदाही बेसूर झाली नाही.

परमेश्वर तुला सुखरूप आणो. आम्ही दोघी भांडायला आहोतच, तू ऐकायला लवकर ये.

तुझी आज्जी,
सावित्रम्मा